ईशान्य कोपऱ्यातलं मीठ

धम्मरत्न गुरुवारी सकाळी दहाला आला, पण एकटा आला नाही. त्याच्यासोबत माणिकराव होते. चिंतामण सरांनी खिडकीतून दोघांना फाटक उघडताना पाहिलं आणि हातातला पेपर उगाच नीट घडी घालून ठेवला.

माणिकराव समोरच्या ओळीत राहायचे. कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचे अ‍ॅडमिन तेच आणि मुलींच्या वसतिगृहाच्या समितीचे सचिवही तेच. वसतिगृहात चौदा नवे गिझर बसवायचे होते, पुढे वर्षभर त्यांची देखभालही होती. बुलढाण्याची थंडी, परीक्षेचे दिवस. मुली सकाळी गार पाण्याने कुडकुडत होत्या. ते काम धम्मरत्न इंगळेला द्यायचं नक्की झालं होतं. म्हणजे रविवारी सकाळपर्यंत नक्की होतं.

रविवारी सकाळी सात वाजता सरांची मुलगी भार्गवी आंघोळीला गेली. पहिलं बाळंतपण, आठवा महिना, आठ दिवसांपूर्वीच माहेरी आलेली. तिने गिझरखालच्या नळाला हात लावला आणि किंचाळली. हात झटकला गेला, पाठ भिंतीवर आदळली. नशिबाने पडली नाही. डॉक्टरांनी तपासून बाळाचे ठोके ऐकवले, तेव्हा कुठे तिच्या आईच्या, सुहासिनीबाईंच्या जिवात जीव आला. सरांचा जीव मात्र रागात अडकलेला होता. दवाखान्याच्या बाकावर बसूनच त्यांनी ग्रुपवर लिहिलं: ‘धम्मरत्न इंगळे याने बसवलेल्या गिझरचा माझ्या गरोदर मुलीला शॉक बसला. थोडक्यात वाचली. असल्या लोकांच्या हाती आपलं घर देऊ नका.’

सतरा जणांनी अंगठा दाखवला. तिघांनी हात जोडले. दुपारपर्यंत कॉलनीतल्या दोघांनी धम्मरत्नला दिलेलं काम परत घेतलं आणि माणिकरावांनी वसतिगृहाचं पत्र खिशातच ठेवलं.

संध्याकाळी त्याचा फोन आला. तो भांडला नाही. आधी विचारलं, “ताई कशी आहे सर?” मग म्हणाला, “मी येऊन पाहतो. पैसे नको मले. फक्त माणिकराव काकाले समोर उभं करा. माह्या हातची चूक निघाली तर मी सोताच ग्रुपवर लिहितो. अन् नाई निघाली, तर तुम्ही लिहा.”

“लिहीन की,” सर म्हणाले होते. तेव्हा त्यांना पक्की खात्री होती.

धम्मरत्न त्यांचाच विद्यार्थी. सरांनी धाडच्या शाळेत बावीस वर्षं विज्ञान शिकवलं, रोज एसटीने जाऊन-येऊन. धम्मरत्न धाडचाच. दहावीनंतर आयटीआय केलं, मग स्वतःचा धंदा. निवृत्तीआधी सरांनी हे घर बांधायला काढलं तेव्हा सगळी वायरिंग त्यानेच केली होती. सर तेव्हा शाळेत असायचे. संध्याकाळी येऊन फक्त पाहायचे.

“या,” सरांनी दार उघडलं. “बाथरूम इकडे.”

“माहीत आहे सर,” धम्मरत्न म्हणाला आणि चप्पल बाहेर काढून आत आला.

मेन स्विच बंद करून त्याने गिझरचं खालचं झाकण उघडलं. पंचवीस लिटरचा साठवणीचा गिझर. त्याने टाकीतलं पाणी सोडलं, बोल्ट ढिले केले आणि आतलं एलिमेंट बाहेर ओढलं. त्यावर खाराचा पांढरा थर चढला होता, जुन्या माठाच्या बुडाला चढतो तसा. त्याने स्क्रू-ड्रायव्हरने थोडा खार खरवडला. खालची नळी एका जागी तडकली होती.

“हे पाहा काका. एलिमेंट फुटलं. करंट पाण्यात उतरून राह्यला होता.”

“म्हणजे माल खराब होता,” माणिकराव म्हणाले.

“माल चांगला होता. बोअरचं पाणी खारं आहे. पाच-सहा वर्षांत कोणाचंही फुटते.”

“बरं झालं, सापडलं,” सर घाईने म्हणाले. “नवं एलिमेंट बसव आणि झालं. तुझी काही चूक नाही, असं मी लिहितो.”

धम्मरत्नने मान वर केली. “नाई सर. एवढ्यानं नाई होत. एलिमेंट तर कितीतरी घरी फुटते. पण माणसाले शॉक नाई बसत, कारण करंट अर्थिंगच्या वायरनं जमिनीत जाते. इथं तो ताईच्या हातात काऊन आला?”

हा प्रश्न सरांनी त्याला कधीतरी वर्गात विचारला असणार. दरवर्षी विचारायचे. फळ्यावर घर काढायचे, घराच्या बाजूला खड्डा, खड्ड्यात थर, थरांच्या मधोमध प्लेट, आणि हिरव्या खडूने वायर. मग म्हणायचे, ‘ही हिरवी वायर रोज काहीच काम करत नाही. वर्षानुवर्षं नुसती बसून असते. पण ज्या दिवशी लागते, त्या दिवशी तिच्यावाचून कोणी नसतं.’ मागच्या बाकावरची पोरं म्हणायची, ‘सर, आमच्या पाटलासारखी!’ आणि वर्ग हसायचा.

धम्मरत्नने पिशवीतून होल्डर काढला. त्याला दोन वायरी जोडलेल्या, वर साधा पिवळा बल्ब. मेन चालू केला. दोन टोकं सॉकेटच्या फेज-न्यूट्रलला लावली, बल्ब लागला. मग न्यूट्रलचं टोक काढून अर्थिंगच्या भोकात घातलं.

बल्ब लागला नाही.

त्याने स्वयंपाकघरातल्या सॉकेटवर पाहिलं. तिथेही नाही. हॉलमध्येही नाही.

“पूर्ण घराले अर्थिंग नाई सर,” तो हळू आवाजात म्हणाला.

“तरीच फ्रीज चिमटे घेतो,” सुहासिनीबाई दारातून म्हणाल्या. “उन्हाळ्यापासून सांगते आहे यांना. हे म्हणतात, चपला घालून उघडत जा.”

सरांना आता पुढचं सगळं दिसलं. आपण कधीपासून हे पाहायचं टाळतो आहोत, तेही त्याच क्षणी दिसलं.

गेल्या वर्षीच्या एप्रिलची गोष्ट. त्याच्या दोन महिने आधी भार्गवीचं पहिलं पोट चौथ्या महिन्यात पडलं होतं. सुहासिनीबाई दिवसदिवस कोणाशी बोलत नव्हत्या. घरात काहीतरी बदल हवा म्हणून सरांनी अंगणात पेव्हर ब्लॉक बसवायला काढले. शेषराव मिस्त्रीने ईशान्य कोपऱ्यात फावडं मारलं आणि थांबला. “सर, जरा इकडं या. हे काई बरं नाई दिसत.”

खड्ड्यात कोळसा होता. कोळशाखाली मिठाचे ओलसर खडे. पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ. आणि त्याखाली फूटभर लांब-रुंद तांब्याची प्लेट, हिरवट पडलेली, तिच्यावर काहीतरी कोरलेलं.

सुहासिनीबाई बाहेर आल्या, पाहिलं आणि मटकन पायरीवर बसल्या. “करणी केली हो कुणीतरी. म्हणून माझ्या पोरीचं असं झालं. यंत्र पुरलंय, बघा!”

दहावीच्या शेकडो मुलांसमोर ज्यांनी तो खड्डा थराथराने काढला होता, त्या माणसाच्या डोक्यात ‘अर्थिंग’ हा शब्द आला. आला, हे खरं आहे. पण बायको दोन महिन्यांनंतर पहिल्यांदा मोकळेपणी रडत होती. पोरीचं पोट का पडलं, याला डॉक्टरांकडे उत्तर नव्हतं आणि इथे जमिनीतून उत्तर निघालं होतं. फावड्याने तुटलेल्या हिरव्या वायरचं टोक भिंतीकडून वर डोकावत होतं. शेषरावने विचारलं, “अन् ही वायर?” सर म्हणाले, “जुनी फोनची असेल. दाब आत.”

गुरुजींना बोलावून उदकशांत झाली. कोळसा-मीठ पोत्यात भरून सर स्वतः नदीत सोडून आले. संशय मेहकरच्या जाऊबाईंवर, मंजुश्रीवर गेला. त्यांनी दिवाळीत अंगणात रांगोळी घातली होती, एवढंच निमित्त. या वेळच्या डोहाळजेवणाला मंजुश्रीला बोलावलंसुद्धा नाही. सर काही बोलले नाहीत. एकदा गप्प बसलेल्या माणसाला दुसऱ्यांदा बोलणं जास्त जड जातं.

“सर?” धम्मरत्न विचारत होता. “पेव्हर ब्लॉक कधी टाकले?”

“झालं… वर्ष होईल.”

“मले कोपऱ्यातले चार काढा लागतील.”

“कशाला उगाच उकरतोस? नवं अर्थिंग कर दुसरीकडे. मी पैसे देतो.”

“पैशाचं नाई सर.” त्याने माणिकरावांकडे पाहिलं. “माहं केलेलं कुठं गेलं, ते काकाले दिसलं पाहिजे.”

तो अंगणात गेला. भिंतीवरून उतरणाऱ्या हिरव्या वायरच्या मागे मागे बोट नेत कोपऱ्यात पोचला, पहारीने चार ब्लॉक उचकटले आणि उकरायला बसला. माणिकराव कमरेवर हात ठेवून उभे राहिले. सर पायरीवर उभे राहिले. बसायचं सुचलं नाही. आतून भार्गवी आली आणि आईच्या शेजारी भिंतीला टेकून उभी राहिली.

वीतभर खाली वायरचं टोक मिळालं. तुटलेलं, वाकवून दाबलेलं. धम्मरत्न आणखी दोन फूट खाली गेला. काळी माती, मुरूम, विटेचे तुकडे. बाकी काही नाही.

माणिकरावांनी वाकून पाहिलं. “प्लेट कुठाय बे?”

“इथंच टाकली होती काका.”

“टाकली होती, तर गेली कुठं? पाय फुटले का तिले?”

“दोन पोते कोळसा अन् अर्धं पोतं जाडं मीठ, मी माह्या हातानं भरलं. थरावर थर. फोटोबी काढला होता, पण तो फोन गेला.”

‘कोळसा’ आणि ‘मीठ’ हे शब्द पडले तशी सुहासिनीबाईंनी वळून नवऱ्याकडे पाहिलं. त्या विज्ञान शिकलेल्या नव्हत्या. पण एवढं कळायला विज्ञान लागत नव्हतं.

माणिकराव कपडे झटकत सरळ झाले. “फोटो गेला, प्लेट गेली, मीठ गेलं. वायर तेवढी राह्यली, दाखवाले. असंच असते तुमचं. मातीखालचं कोण पाहते, नाई का? अन् पोरींच्या वसतिगृहात बी असंच करणार होता?”

धम्मरत्न खड्ड्यातून वर आला नाही. त्याच्या कपाळावर माती होती. “काका, मी असं काम नाई करत. सरांच्या घरी तर नाईच नाई.”

“मग सर खोटं बोलून राह्यले का?”

आता सगळे सरांकडे पाहत होते.

“चोरीला गेली असेल,” ते म्हणाले. “तांबं होतं ना. चोरतात.”

धम्मरत्नने उकरलेल्या मातीकडे पाहिलं, मग बाजूला रचलेल्या चार ब्लॉककडे. “चोरानं प्लेट नेली, अन् जाताना ब्लॉक बसवून गेला?” त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. वर्गात सरांचं गणित चुकलं की तो असाच, हळू, फळ्याकडे बोट दाखवायचा. मग तो म्हणाला, “सर, काम गेलं तर जाऊ द्या. दुसरं भेटन. पण तुम्ही लिहिलं ना, ‘असल्या लोकांच्या’ म्हणून. माह्या पोरीनं वाचलं ते. ती आठवीत आहे. तिनं इचारलं, पप्पा, असले म्हणजे कसले? मी सांगितलं, सरांना इचारून सांगतो.”

रविवारी तो शब्द लिहिताना सरांना एक क्षणही थांबावं लागलं नव्हतं. आता त्याचा अर्थ एका आठवीतल्या मुलीला सांगायचा होता. मघाशी माणिकरावांनी ‘असंच असते तुमचं’ म्हटलं, ते त्यांना टोचलं होतं; आणि ते आपणच चार दिवसांपूर्वी लेखी दिलं आहे, हे त्यांना आठवलं.

ते वळले आणि आत गेले.

माळ्यावर त्यांची शाळेची लोखंडी पेटी होती. जुन्या टाचणवह्या, प्रयोगाच्या याद्या, निरोप समारंभाची शाल. त्या सगळ्याखाली पेपरात गुंडाळून सुतळीने बांधलेली तांब्याची प्लेट होती. कोळसा-मीठ त्यांनी नदीत सोडलं होतं. प्लेटही सोडली, असं घरी सांगितलं होतं. पण पुलावर उभं राहून त्यांना ती सोडवली नव्हती. करणीवर खरंच विश्वास असता, तर ती वस्तू कोणी घरात ठेवली नसती. ती चांगली, कामाची प्लेट आहे, हे त्यांच्या हाताला माहीत होतं. तरी वर्षभरात त्यांनी तो पेपर एकदाही सोडला नव्हता. तिच्यावर काय कोरलंय ते एक बोट घासलं असतं तर कळलं असतं. त्यांनी घासलं नव्हतं.

ते अंगणात आले आणि खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसून त्यांनी पुडकं धम्मरत्नच्या हातात दिलं.

“मीच काढली,” ते म्हणाले. “करणी समजून.”

सुहासिनीबाईंनी पदर तोंडाला लावला. “तुम्ही नदीत टाकली म्हणाला होता,” त्या एवढंच म्हणाल्या.

धम्मरत्नने सुतळी सोडली. बाटलीतलं पाणी प्लेटवर ओतलं आणि खड्ड्यातली चिमूटभर माती घेऊन अंगठ्याने घासलं. हिरवा थर गेला तशी खिळ्याने कोरलेली अक्षरं वर आली. प्रत्येक प्लेटवर तो तारीख आणि घर लिहायचा. मातीखाली गेलेल्या कामावर सही कोण करणार, म्हणून. ‘१७-५-१८. सरांचं घर. ध. इं.’

भार्गवीने जवळ येऊन वाचलं. “बाबा, हेच यंत्र?”

माणिकराव खाकरले. त्यांची पंचाईत झाली होती. “जाऊ द्या सर. होते कधी कधी माणसाचं. ग्रुपवर एवढंच टाकू, एलिमेंट खराब होतं, दुरुस्त झालं. हे बाकीचं कशाले सांगायचं चारचौघात? सायन्सचे सर तुम्ही.”

सरांना ते हवं होतं. इतकं हवं होतं की त्यांची मान हलायला लागली होती. त्यांनी धम्मरत्नकडे पाहिलं. तो प्लेटच्या भोकात नवा नट-बोल्ट घालून पाहत होता.

“तुमच्या मनानं लिहा सर,” तो मान वर न करता म्हणाला. “मी काई सांगत नाई. काकू, जाडं मीठ लागन. अन् कोळसा.”

मीठ आणायला सुहासिनीबाई स्वतः गेल्या. वाण्याकडून दोन फेऱ्यांत मीठ आलं, कोळसा इस्त्रीवाल्याकडून. मग त्यांनी धम्मरत्नला बाजूला हो म्हटलं आणि पोत्याचं तोंड सोडून स्वतःच्या ओंजळीने मीठ खड्ड्यात टाकायला लागल्या. ज्या मिठाला हात लावायला गेल्या वर्षी त्या तयार नव्हत्या, तसंच मीठ. “मंजुश्रीला आजच फोन करते,” त्या ओंजळी भरता भरता म्हणाल्या. “काय तोंडाने करू, देव जाणे.”

सर पायरीवर बसून लिहीत होते. पहिल्यांदा लिहिलं, ‘अंगणाच्या कामात काही कारणाने अर्थिंग निघाले होते.’ वाचलं. मुलाच्या उत्तरपत्रिकेत असं वाक्य आलं असतं तर त्यांनी लाल रेघ मारून विचारलं असतं, कोणी काढले? पुसलं. दुसऱ्यांदा ‘गैरसमजातून’ असा शब्द आला. तोही पुसला. तिसऱ्यांदा जे आलं ते त्यांनी वाचून न पाहता पाठवलं:

‘माझ्या घराचं अर्थिंग मी स्वतः काढून टाकलं. कोळसा-मीठ पाहून करणी समजलो. मी बावीस वर्षं अर्थिंग शिकवलं आहे. काढताना मनात शंका आली होती, तरी गप्प बसलो. त्यामुळे मुलीला शॉक बसला. धम्मरत्न इंगळे यांच्या कामात काहीही चूक नव्हती. मी “असले लोक” असं लिहिलं. तसं लिहिणारा मी कसला, ते आज कळलं. त्यांची आणि त्यांच्या मुलीची माफी मागतो.’

मग ते वर सरकत रविवारच्या मजकुराशी गेले. त्यावर बोट दाबून धरलं. सगळ्यांसाठी पुसायची सोय उरली नव्हती. चार दिवस होऊन गेले होते. फक्त स्वतःपुरतं पुसता येत होतं. त्यांनी पुसलं नाही. आपल्याला दिसत नाही म्हणून ते नाही, असं दुसऱ्यांदा करायचं नव्हतं.

माणिकरावांच्या खिशात फोन वाजला. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, परत लावला. मग धम्मरत्नला म्हणाले, “सोमवारी ये वसतिगृहावर. पत्र देतो.” आणि फाटकापाशी जाऊन परत वळले. “अन् मघाशी मी बोललो ते…”

“सोमवारी येतो काका,” धम्मरत्न म्हणाला. माफ केलं असं तो म्हणाला नाही.

दुपारी एकपर्यंत खड्डा भरला, वायर जोडली, नवं एलिमेंट बसलं. धम्मरत्नने पुन्हा तो पिवळा बल्ब काढला. एक टोक फेजला, एक अर्थिंगला. बल्ब लख्ख लागला.

सुहासिनीबाईंनी जेवायचा आग्रह केला. त्याने डबा आणला होता. पैसे फक्त एलिमेंटचे घेतले. जाताना खड्ड्याकडे बोट दाखवून म्हणाला, “उन्हाळ्यात बादलीभर पाणी टाकत जा इथं, आठवड्यातून एकदा. ओल राह्यली पाहिजे.”

“माहीत आहे,” सर म्हणाले, आणि लगेच त्यांना ते म्हटल्याचं वाईट वाटलं. “टाकतो.” मग फाटकापर्यंत त्याच्यासोबत चालत गेले. “तुझ्या मुलीला काय सांगशील?”

धम्मरत्नने पिशवी गाडीला अडकवली. “तुम्ही लिहिलं ते वाचाले देतो. पुढचं तिचं ती ठरवन.”

गाडी गेली. ग्रुपवर एव्हाना एकतीस जणांनी वाचलं होतं. अंगठा कोणी दाखवला नव्हता.

भार्गवी टॉवेल घेऊन बाथरूमच्या दारात उभी होती. चार दिवस ती गॅसवर गरम केलेल्या पाण्याने आंघोळ करत होती. “बाबा, लावू आता हात?”

“थांब,” सर म्हणाले. चपला काढून ते आत गेले. ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहिले, गिझर चालू केला आणि नळावर पूर्ण तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला. काहीच झालं नाही.

“ये,” ते म्हणाले, आणि मुलीकडे न पाहता बाहेर आले.